पाचच्या गाडीचं गाणं

शुभ्राने हेडफोन पुढे केला तेव्हा लॅबमध्ये जेवणाची सुट्टी होती. गायत्रीने हातमोजे काढले, हात धुतले, पुसले आणि मगच तो हातात घेतला.

"दोन मिनिटं बारा सेकंद, ताई. आवडलं नाही तर इथंच कान पकडते."

"तुझे की माझे?"

"तुमचे कशाला! तुमचा आवाज आहे त्यात."

गायत्री हसली. शुभ्रा भोरच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दोन वर्षांपासून रॅप करत होती आणि तिची गाणी मुलं एकमेकांना पाठवायची. रक्त तपासणाऱ्या, हळू बोलणाऱ्या या गायत्रीताई म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या रॅप-बॅटलच्या व्हिडिओतली मुलगी, हे तिला महिन्यापूर्वीच कळलं होतं. तेव्हापासून ती लॅबमध्ये आली की काउंटरला टेकून अशी बघायची, की गायत्रीला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटे.

गाणं सुरू झालं. आधी नुसती ढोलकी, संथ, खोल विहिरीतून यावी तशी. मग खरखरीत, एकवीस वर्षांच्या मुलीचा आवाज:

*पाचची गाडी लागली की ऑफिस त्याचं सुटतं...*

गायत्रीने स्वतःचा आवाज ओळखला, आणि त्यातला आनंदही. तो आनंद तिला सगळ्यात जास्त लागला.

तिच्या त्या ओळीवर शुभ्राचा आवाज आला:

*डिग्री माझ्या पिशवीमध्ये, डबा माझ्या हातात,*
*कुठं निघालीस विचारू नका, ऑफिस माझ्या डोक्यात.*

मग पुन्हा गायत्रीची ओळ. जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्या गाण्यात असा बसवायचा, ही शुभ्राच्या वयाच्या मुलांची रीत. गायत्रीच्या वेळी तसलं सॉफ्टवेअर नव्हतं. मित्राने तोंडाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने मोबाईल वर धरून शूटिंग करायचं, एवढीच त्यांची सामग्री.

"आमच्या वर्गात सगळे हेच म्हणतात," शुभ्रा सांगत होती. "मुलाखतीवरून कुणी हात हलवत परत आलं की आम्ही विचारतो, काय, ऑफिस सुटलं का? आणि हसतो. तुम्ही ते बॅटलमध्ये कुणाला तरी टोमणा म्हणून मारलेलं. आम्ही ते स्वतःलाच लावून घेतलं. आता ते आमचंच गाणं आहे, ताई. रविवारी वेल्ह्याला कार्यक्रम आहे, बाजारतळावर. ही ओळ तुम्ही स्टेजवर येऊन म्हणायची. तुम्हाला बघून पोरं वेडी होतील."

"वेल्ह्याला?"

"व्हिडिओ तिथलाच आहे ना? म्हणून तर." शुभ्राने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "एक विचारू? तो खरा माणूस होता का कुणी? डबा घेऊन स्टँडवर बसणारा?"

गायत्रीने समोरच्या स्टँडमधल्या काचनळ्यांकडे पाहिलं. बारा होत्या.

"नाही," ती म्हणाली. "असंच सुचलं होतं."

*

तो खरा माणूस होता. त्याचं नाव गोरख, आणि तो रतनचा बाप होता.

रतन आणि गायत्री एकाच वर्गात, बी.एस्सी.ला. तो वेल्ह्याचा, भोरला वसतिगृहात राहायचा. ती हिर्डोशीची, भोरला मामाकडे. दोघांच्याही घरात गाणं होतं. गायत्रीची आत्याआजी अक्काबाई गायन पार्टीची मुख्य गायिका होती. जयंतीला दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने कडव्यातून सवाल टाकायचा, दुसरीने कडव्यातूनच तो उलटवायचा. याला सामना म्हणत. अक्काबाई समोरच्या गायकाचं नाक, चाल, सासुरवाडी, काही सोडायची नाही, आणि लोक मांड्यांवर थापा मारत हसायचे. रतनचे वडील त्याच पार्टीत ढोलकीला होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मोबाईलच्या दुकानातून भरून आणलेल्या मेमरी कार्डावर त्यांनी इंग्रजी रॅप पहिल्यांदा ऐकला. शब्द कळले नाहीत. पण दोन माणसं गाण्यातून भांडताहेत, एवढं लगेच कळलं. रतन म्हणाला होता, "अगं, हा तर अक्काबाईचा सामना!" त्या दिवसापासून दोघं नदीच्या घाटावर बसून एकमेकांना यमकात शिव्या घालू लागले. रतन चांगला होता. ती जास्त चांगली होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

एकदा तिथंच रतनने तिला सांगितलं. त्याचे वडील नसरापूरला एका खासगी गोदामात कारकून होते. गोदामात मोजणीत माल कमी भरला म्हणून चौघांना एकदम काढलं, त्यात तेही गेले. पण घरी त्यांनी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, ते वेल्ह्याहून एसटीने निघायचे, दिवसभर नसरापूरच्या स्टँडवर बसायचे आणि पाचच्या गाडीने परत यायचे. तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. रतनने त्यांना एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं होतं, बाकावर, मांडीवर डबा. तो उतरला नव्हता. "आईला माहीत न्हाई," तो म्हणाला. "तुलाच सांगतोय."

त्यानंतर तीन महिन्यांनी वेल्ह्याच्या बाजारतळावर युवा महोत्सव झाला आणि त्यात दोघांची बॅटल लागली. रतनचं गाव, रतनची माणसं. पहिल्या फेरीत रतनने तिला धुऊन काढलं. तिच्या चष्म्यावर, तिच्या पुस्तकी बोलण्यावर लोक आडवे पडले. दुसऱ्या फेरीला माईक तिच्या हातात आला तेव्हा तिच्याजवळ तयार काहीच नव्हतं. पुढच्या रांगेत रतनची आई बसली होती, मुलाला ऐकायला म्हणून आलेली. गायत्रीने तिला पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

*सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाप निघाला कामाला,*
*दिवसभर बसतो स्टँडावरती, कळू देत नाही कुणाला.*
*पाचची गाडी लागली की ऑफिस त्याचं सुटतं,*
*रतन, तुझ्या आईला विचार, बिंग कधी हे फुटतं!*

असा आवाज उठला की तिला पुढचा ठेकाच ऐकू आला नाही. रतनने माईक खाली ठेवला. फेकला नाही, वाकून खाली ठेवला, आणि स्टेजच्या मागच्या बाजूने उतरून गेला. लोकांनी तिला उचलून घेतलं.

गायत्रीने त्यानंतर महिनाभरात रॅप सोडला. लोकांना वाटलं अभ्यासामुळे. रतन परीक्षेला बसलाच नाही. पण व्हिडिओ राहिला. तो तिच्याच खात्यावर होता, पासवर्ड तिच्याजवळ होता, आणि तो काढून टाकायला दोन वेळा बोट दाबावं लागलं असतं. अकरा वर्षांत तिने तो काढण्यासाठी कितीदा उघडला याची गणती नव्हती. पण काढण्याआधी ती खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायची. 'आग', 'बाप लाइन', 'अशी पोरगी पुन्हा झाली नाही'. वाचून झालं की मोबाईल बाजूला ठेवायची आणि स्वतःला सांगायची, आता काढून तरी काय उपयोग. हे ती कुणाला सांगू शकली नसती. रक्तातलं काहीही तिला मोजता यायचं. हे कशात मोजायचं ते माहीत नव्हतं.

आता ती ओळ रविवारी पुन्हा त्याच बाजारतळावर वाजणार होती, गोरखकाकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

*

शनिवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटीवर निघाली. नसरापूरच्या स्टँडपाशी तिने मान वळवली नाही. मार्गासनीनंतर तोरणा दिसू लागला आणि तिला वाटलं, परत फिरावं. फोनवरही बोलता येईल. पण रतनचा नंबर तिच्याकडे नव्हता.

रतनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बाजारातच होतं. डोळ्याला भिंग लावून तो एका उघड्या फोनवर वाकला होता. केस पुढून विरळ झाले होते. त्याने मान वर केली आणि भिंग काढलं.

"या, मॅडम. रक्त काढायला आलात? आमच्यात उरलं न्हाई."

"रतन, माझं काम आहे."

"फोन बिघडलाय?"

"नाही."

"मग हितं काय काम? हितं बिघडलेलंच येतं."

तिने सांगायला सुरुवात केली. शुभ्रा, नवीन गाणं, रविवार. रतनने तिला तोडलं.

"ठाऊक हाय मला. गाण्याचा तुकडा नेटवर टाकलाय तिनं आधीच, आठ दिवस झाले. पोरं येतात की, रतनदादा, ऑफिस सुटलं रिंगटोन लावून द्या. दहा-बारा फोनांत मीच लावून दिली."

"तू लावून दिलीस?"

"धंदा हाय. न्हाई म्हणलं तर का म्हणून सांगावं लागंल." त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला, परत ठेवला. "त्यास्नी कुठं ठाऊक हाय कुणाचं हाय ते. तवा ही पोरं चौथीत हुती."

"तू नको म्हण, रतन. मी थांबवते. शुभ्रा ऐकेल माझं. आणि मला माफी मागायची आहे."

"मला?" रतन हसला, मोठ्याने नाही. "मला तू हरवलंस. बॅटल हुती, हरलो. लाइन माझ्यावर नव्हती, गायत्री. दादांवर हुती, माझ्या बापावर. त्यांच्याकडं जा. घर ठाऊक हाय तुला. जेवली हाईस तिथं."

*

गोरखकाका ओसरीवर बसून निवडुंगाच्या कुंडीला टेकू लावत होते. साठीच्या पुढे गेले होते, पण ताठ होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, घरी असूनही. गायत्रीने चप्पल काढली, वाकून नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. दाराच्या आत रतनची आई भांडी लावत होती. तिनेही ओळखलं असावं, कारण भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि मग जरा जोरात सुरू झाला.

"काका, मी अकरा वर्षांपूर्वी तुमच्यावर एक गाणं म्हटलं होतं."

"व्हय," गोरखकाका म्हणाले. "म्हणलं हुतंस."

"ते परत येतंय. उद्या बाजारतळावर. तुम्ही नको म्हणालात तर होणार नाही."

त्यांनी कुंडी बाजूला सरकवली. हाताची माती झटकली.

"म्हण बरं."

"काय?"

"गाणं. म्या ऐकलं न्हाई अजून."

गायत्रीला कळेना. ते समजावून सांगावं तसे बोलू लागले. "म्या नसरापुरात हुतो त्या दिवशी. घरी आलो तर रतन तोंड झाकून पडलेला, ही बोलंना. दुसऱ्या दिवसापासनं गावात गेलो की लोकं गप बसायची. पोरं लांबनं 'ऑफिस सुटलं' म्हणून पळायची, तेवढं ऐकलं. त्याच्या पुढं काय, ते मला कुणी सांगितलं न्हाई. रतनच्या फोनमधी असंल, पर त्याला कसं म्हणायचं, तुझ्या बापावरचं दाव म्हणून?"

"काका, मला ते म्हणता येणार नाही. तुमच्या तोंडावर नाही."

"अक्काबाईच्या पार्टीत अठरा वर्षं ढोलकी बडवली म्या," गोरखकाका म्हणाले. "सामन्यात आमी एकमेकांचे बाप काढायचो, आया काढायचो. पर उजाडलं की अक्काबाई सगळ्यांस्नी घेऊन समोरच्या पार्टीच्या बिऱ्हाडी जायची. आन् रातचं सगळं परत म्हणायची. ढोलकी न्हाई, पब्लिक न्हाई. जे दिवसा तोंडावर म्हणता येत न्हाई ते रातीचं म्हणायचं न्हाई, असा तिचा कायदा. तुला शिकवलं न्हाई व्हय तिनं?"

"मी विचारलंच नाही कधी," गायत्री म्हणाली.

खरंच विचारलं नव्हतं. अक्काबाईकडून तिने टोमणा कसा टोकदार करायचा ते घेतलं, श्वास कुठे घ्यायचा ते घेतलं. सकाळी पार्टी कुठे जाते, हे बघायला ती कधी लवकर उठली नव्हती. आता अक्काबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"म्हण," गोरखकाका पुन्हा म्हणाले.

दुपारचे अडीच वाजले होते. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. गायत्रीने हात मांडीवर ठेवले आणि चारही ओळी म्हटल्या. ठेक्याशिवाय त्या फारच लहान होत्या. 'बिंग' या शब्दाला तिचा आवाज गेला, म्हणून ती शेवटची ओळ तिने परत म्हटली. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

गोरखकाका वाट बघत राहिले.

"म्होरं?"

"एवढंच आहे."

"चोर न्हाई म्हणलीस?"

"नाही! चोर का म्हणेन?"

"गोदामात माल कमी भरलेला. आमी घेतला म्हणायचे." त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "मला वाटलं, तू चारचौघांत चोर म्हणलीस. रतननं तुला सांगितलं असंल, त्यालाबी तसंच वाटत असंल, म्हणून सांगितलं असंल. अकरा वर्सं त्याला इचारलं न्हाई म्या. लग्नाला गेलो न्हाई कुणाच्या, ढोलकीला हात लावला न्हाई." ते थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. गायत्रीला ते बघवेना. "आन् हे तर खरंच हाय की. स्टँडावर बसत हुतो. ह्यात काय खोटं न्हाई."

त्यांना हायसं वाटत होतं. तिने केलेल्या वाईट कामाची खरी मापं कळल्यावर त्यांना हायसं वाटत होतं. कुठल्याही दिवशी ती इथवर आली असती, चार ओळी म्हटल्या असत्या, तर हा माणूस अकरा वर्षं लग्नांना गेला असता. चार ओळी म्हणायला तिला आत्ता अर्धं मिनिट लागलं होतं.

"ती पोरगी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

तिने मोबाईलवर शुभ्राचं गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मधेच त्यांचं बोट ओसरीच्या फरशीवर पडू लागलं.

"ठेका कमी केलाय. बरा वाटतो," ते म्हणाले. "स्वतःवरच घेतलंय तिनं. गाऊ दे. माझं काय न्हाई."

"तुमचं न्हाई?"

रतनची आई दारात उभी होती. ओले हात पदराला पुसत नव्हती, तसेच लोंबत ठेवले होते. ती नवऱ्याशी बोलत होती, गायत्रीकडे बघत नव्हती.

"परवानगी देताय व्हय? तुमी स्टँडावर बसला, तुमास्नी ठाऊक हुतं तुमी बसलाय. डबा म्या भरत हुते. पाचला उठून भाकरी, रोज एक सुकी भाजी, ऑफिसात वास येऊ नये म्हणून लसूण कमी. दीड वर्सं. आन् ते कुठं खाल्लं जातंय ते म्या पाचशे लोकांत बसून ऐकलं. टाळ्यांत." मग ती गायत्रीकडे वळली. "हिला ठाऊक हुतं. हिनं बघितलं मला. बघून म्हणली."

"हो," गायत्री म्हणाली. "बघितलं होतं."

रतनची आई आत गेली आणि दार लोटलं गेलं. गोरखकाका कुंडीकडे बघत बसले.

*

रस्त्यावर येऊन गायत्रीने शुभ्राला फोन लावला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रतनचं सांगितलं, स्टँडचं सांगितलं, आईचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं बोलले, शुभ्रा. तो खरा माणूस होता. मी तुला सांगितलं असतं तर तू तो तुकडा काढून टाकला असतास, हे मला माहीत होतं. आणि मला माझा आवाज पुन्हा ऐकायचा होता."

पलीकडे मागे वाजत असलेली ढोलकी बंद झाली.

"तुम्ही मला उद्या त्यांच्या दारात उभं करणार होतात, ताई," शुभ्रा म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "मी हसत हसत गायले असते."

"हो."

"तुमचा आवाज मी काढून टाकते. आज रात्रीच."

"टाक."

"आणि त्या... डबा भरणाऱ्या. त्यांचं नाव काय?"

त्या घरात गायत्री चार वेळा जेवली होती. तिने त्यांना काकू म्हटलं होतं, रतनची आई म्हटलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"विचारा," शुभ्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

गायत्री परत फिरली. ओसरीवर आता कुणी नव्हतं. तिने कडी वाजवली. आत पावलं आली आणि दाराच्या पलीकडे थांबली. दार उघडलं नाही.

"काकू, तुमचं नाव काय?"

"कशाला पायजे तुला?"

"मला नाही. ती मुलगी विचारते आहे, शुभ्रा. गाणारी."

आत कुठंतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"तिला येऊ दे," आतून आवाज आला. "तिला सांगीन. उद्या गायच्या आदी येऊ दे."

"बरं. मी घेऊन येते तिला."

"तिला एकटीला पाठीव," रतनची आई म्हणाली. "तू येऊ नको."